गवतातली जागा

१

सकाळचं दूध काढून झालं की हार्मेन गोठ्यामागच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहायचा आणि आदल्या दिवशीचं सिगारचं थोटूक पेटवायचा. ही पाच मिनिटं त्याची स्वतःची. घरात फेन्नाचं राज्य, तिथे धुराला बंदी. गोठ्यात गवत, तिथे विस्तवाला बंदी. तेव्हा साठीला आलेल्या माणसानं शाळकरी पोरासारखं भिंतीआड उभं राहून दोन झुरके मारायचे, असा गेल्या तीस वर्षांचा रिवाज होता.

मार्च लागला होता, पण थंडी हटायला तयार नव्हती. कुरणावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. भिंतीच्या बुडाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाळक्या झुडपांच्या काड्यांआड भाजक्या मातीची एक नळी बाहेर आलेली होती, मूठ जाईल एवढी. तिच्या तोंडातून वाफ येत होती.

यात नवल कसलं? आत अकरा गायी. त्यांच्या अंगची ऊब कुठून तरी बाहेर पडणारच. हार्मेननं स्वतःला एवढं समजावलं आणि झुरका घेतला. मग त्याच्या लक्षात आलं, की वाफ सलग येत नाही. थोडी येते, थांबते, पुन्हा थोडी येते. वारा असेल, तो मनात म्हणाला. पण वारा नव्हता. त्याच्या सिगारचा धूर सरळ वर चालला होता.

तो खाली वाकला. तोंडातला धूर त्यानं सावकाश नळीच्या समोर सोडला. धूर क्षणभर तिथेच तरंगला, आणि मग नळीनं तो आत ओढून घेतला. हार्मेन तसाच वाकून राहिला. थोड्या वेळानं धूर परत बाहेर आला, पातळ होऊन.

त्यानं थोटूक विझवून खिशात टाकलं आणि घरात जाऊन न्याहारीला बसला.

"आज एवढ्यात आटपलं?" फेन्नानं विचारलं.

"गारठा आहे," तो म्हणाला.

२

हार्मेन हा वोल्टरिंकांचा पहिला शेजारी होता, आणि वोल्टरिंक त्याचे. दोन घरांच्या मध्ये एक कुरण आणि एक ओढा. पहिल्या शेजाऱ्यानं सुईण आणायची, लग्नात दाराला हिरव्या फांद्या बांधायच्या, आणि घरातलं कुणी गेलं की सांगत फिरायचं. आधी त्याच्या जनावरांना, मग मधमाश्यांना, मग घरोघर. कुठे बसायचं नाही, कुणाची कॉफी घ्यायची नाही, निरोप द्यायचा आणि पुढचं दार गाठायचं. हार्मेनचे वडील गेले तेव्हा ल्यूबर्ट वोल्टरिंक असाच गोठ्यात आला होता आणि एकेका गाईच्या कानाशी वाकून म्हणाला होता, "धनी गेला. आता हार्मेन तुमचा धनी." जनावरांना सांगितलं नाही तर ती वाट बघत राहतात. याहून जास्त कारण कुणी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत नगराध्यक्ष आणि पाद्रीसाहेब एकाच वाटेनं चालत येताना दिसले. त्या दोन वर्षांत ही जोडी दिसली की वाडीतल्या आया हातातलं काम टाकायच्या. ज्यांची पोरं सैनिक म्हणून जावा बेटावर होती त्या दाराआडून बघत राहायच्या, की दोघं कुठल्या फाटकाशी वळतात. या वेळी ते वोल्टरिंकांच्या फाटकाशी वळले. ल्यूबर्ट आणि डीनाचा एकुलता एक मुलगा वेसेल, वय बावीस. त्याचा ट्रक सुरुंगावर गेला होता. त्याला त्याच दिवशी तिथेच पुरलं होतं. महायुद्ध संपून चार वर्षं होत आली होती, आणि जावातलं बंड मोडायला जे चाललं होतं त्याला सरकार युद्ध म्हणायला तयार नव्हतं. पोरं मात्र मरत होती.

हार्मेननं काळा कोट चढवला आणि ओढा ओलांडून गेला. डीना स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. रडत नव्हती.

"हार्मेन, गोठ्यात जायचं नाही," ती म्हणाली.

"डीना, रीत आहे आपली."

"रीत मेलेल्यासाठी. मला कुठे दिसलाय मेलेला? दोन साहेब येऊन सांगून गेले म्हणून? त्याच्या घोडीला काही सांगायचं नाही. माश्यांना सांगायचं नाही. बाकी कुणी काही बोलू दे, पण तू सांगितलंस, की मग तो खरंच मेला. कळतंय ना तुला?"

ल्यूबर्ट खाली मान घालून बसला होता. "राहू दे, हार्मेन," तो म्हणाला. "इतक्यात नको."

दुसरा कुणी असता तर त्यानं आठवड्यानं पुन्हा येऊन विषय काढला असता. हार्मेन घरी गेला, कोट खुंटीला लावला, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्यालाच लाज वाटली. पण वेसेलच्या मधमाश्यांच्या टोपल्यांसमोर उभं राहून "तो गेला" असं म्हणायला हार्मेनची जीभ रेटली नसती. त्याला कारण होतं, आणि ते फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक आता जावाच्या मातीत होता.

३

ते कारण हार्मेनच्या गोठ्यातच होतं.

गोठ्याच्या टोकाला जमिनीपासून आढ्यापर्यंत वाळलं गवत रचलेलं असायचं. त्या गवताच्या पोटात, मागच्या भिंतीला लागून, फळ्यांची एक पेटी होती. माणूस आडवा पडेल एवढी लांब, बसेल एवढी उंच. हवेसाठी भिंतीतून ती मातीची नळी. पेटीला लहानसं दार, आणि दाराला फक्त आतून खिटी. जर्मनांच्या अमलात हार्मेननं तिथे माणसं लपवली होती. एक रेल्वेतला माणूस, मग रॉटरडॅमचे एक मास्तर. मास्तर अकरा महिने राहिले.

तेव्हा जेवण पोचवायचं काम शेजारच्या वेसेलकडे असे. ताकात शिजवलेली जवाची पेज, वर काकवीची धार. कुरण ओलांडता ओलांडता वेसेल बोटानं काकवी चाटायचा आणि मास्तर तक्रार करायचे, "हार्मेन, माझी काकवी वाटेत गळते बघा." बाहेरच्यानं लाकडी बुटानं फळीवर तीन टोले द्यायचे, म्हणजे धोका नाही. आतल्यानं एक टोला द्यायचा, म्हणजे ऐकलं, उघडतो. तीन टोले पडत नाहीत तोवर आतल्यानं हलायचं नाही, मग दोन दिवस का जाईनात. एकदा सैनिक आले आणि तासभर गवतात संगिनी खुपसत राहिले. ते गेल्यावर हार्मेननं तीन टोले दिले, तर आतून किती तरी वेळ उत्तर आलं नाही. मग एक टोला आला, अगदी हळू. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाहीला संगिनीनं पडलेलं भोक होतं.

युद्ध संपलं. हार्मेनचं नाव झालं. चर्चच्या पंचांत त्याला बसवलं, आभाराचं पत्र चौकटीत घालून भिंतीवर लागलं. पेटी काढायचा कंटाळा म्हणून राहिली. दर वर्षी तिच्यावर नवं गवत पडत गेलं.

आणि सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात, दुपारच्या दुधाच्या वेळी, वेसेल गोठ्यात आला. अंगावर नवा कोरा गणवेश होता. आठवड्यानं बोट सुटणार होती.

"हार्मेनकाका, ती जागा आहे ना अजून?"

हार्मेनचे हात थांबले नाहीत. "कुठली जागा?"

"गवतातली. मला नाही जायचं जावाला. भीती वाटते म्हणून नाही. म्हणजे वाटतेच, खोटं कशाला बोलू. पण त्या लोकांनी माझं काय वाईट केलंय? पाच वर्षं आपल्या दारात बंदुका घेऊन माणसं उभी होती, तेव्हा तुम्ही काय म्हणायचा त्यांना? तेच मी त्यांच्या दारात जाऊन करायचं? तुम्ही अनोळखी माणसांना ठेवलंत, काका. मला ठेवा."

"तेव्हा हुकूम परक्यांचा होता," हार्मेन म्हणाला. "आता आपल्या राणीचा आहे. सापडलास तर तुला तुरुंग, आणि मलाही."

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. हार्मेन दमला होता. दोन वर्षं प्रत्येक गाडीच्या आवाजाला दचकून झालं होतं. आपला शूरपणाचा वाटा आपण उचलला, आता दुसऱ्यानं उचलावा, असं त्याला वाटत होतं. आणि चर्चमधली ती पंचांची खुर्ची त्याला आवडत होती.

"शिवाय ती जागा मोडली मी," तो म्हणाला. "केव्हाच."

वेसेलनं गवताकडे पाहिलं. मग हार्मेनकडे.

"बरं, हार्मेनकाका," तो म्हणाला. दुधाच्या दोन भरल्या बरण्या त्यानं उचलून गाडीवर ठेवून दिल्या आणि गेला. नेहमीच्या वाटेनं नाही, गोठ्याच्या मागून.

युद्ध संपल्यापासून नळीच्या तोंडात एक फडकं कोंबलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सिगार ओढायला गेलेल्या हार्मेनला ते खाली जमिनीवर दिसलं. नीट घडी करून ठेवलेलं होतं.

४

वाफेच्या प्रकाराला चार दिवस झाले होते. टपालवाला रूलोफ फाटकाशी सायकलवरून उतरला आणि पिशवीतून एक पत्र काढून ते दोन बोटांत धरून उभा राहिला.

"बोटीनं आलंय," तो म्हणाला. "जानेवारीत टाकलेलं. मेलेल्याचं पत्र पोचवायची ही माझी चौथी खेप, हार्मेन. हात गार पडतो बघ. आईबापाला सोडून तुला कसं काय लिहिलंय त्यानं?"

"दे इकडे," हार्मेन म्हणाला. "आणि डीनाकडे तोंड उघडू नकोस."

"मी? मी कशाला बोलतोय!" रूलोफ म्हणाला. वाडीतली निम्मी भांडणं त्याच्या सायकलवरून फिरत असत.

हार्मेननं ते गोठ्यात उभ्यानं वाचलं.

"हार्मेनकाका, इथेही गवत रचून ठेवतात. भाताचं गवत, आणि उडव्या आपल्यापेक्षा लहान. आम्हाला त्या टोचून बघायला सांगतात. परवा मी एका उडवीत संगीन खुपसली. आत कुणी तरी होतं. ओरडलं नाही. मास्तर पडून राहायचे तसं पडून राहिलं. आईला सांगू नका. ज्याला हे कळेल असं मला दुसरं कुणी आठवलं नाही. गवताचा वास तिथे आणि इथे एकच आहे. वेसेल."

त्यानं पत्राची घडी केली आणि ती काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग हातांना काही काम हवं म्हणून गायींना गवत काढायला गेला. हात गवतात घातला आणि तसाच थांबला. गवत गरम होतं.

ओलं गवत रचलं की तापतं, कधी पेटही घेतं, हे शेतकऱ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. मागचा उन्हाळा पावसातच गेला होता, गवत धड वाळलं नव्हतं. पण तापायचं ते पहिल्या दीड महिन्यात. आठ महिन्यांनी, गोठलेल्या मार्चमध्ये? हार्मेननं कोपऱ्यातली सळई आणली. पुरुषभर लांब लोखंडी सळई, ती गवतात खुपसायची, थोड्या वेळानं ओढायची आणि तळहातानं ऊब बघायची. हे तो दर वर्षी करायचा.

सळई निम्मी सहज आत गेली. मग कशाला तरी लागली. फळी नव्हती ती. फळी ठण् करते. हे दबलं, आणि मागे सरलं.

हार्मेननं हात काढून घेतला. सळई गवतातून आडवी बाहेर राहिली. त्याच्या मागे अकरा गायी रवंथ करत होत्या, तो आवाज एकाएकी थांबला. सळई बाहेर येऊ लागली. सावकाश, वीतभर, मग थांबून आणखी वीतभर, कुणी आतून हातानं लोटावी तशी, आणि शेवटी विटांच्या जमिनीवर पडली.

दाबलेलं गवत फुगतं, हार्मेननं स्वतःला सांगितलं. फुगलं की वस्तू बाहेर टाकतं. त्यानं सळई उचलून टोक उजेडात धरलं. टोक गरम होतं आणि कोरडं होतं, त्यावर काहीच नव्हतं. ते बघेपर्यंत आपण श्वास धरला होता, हे त्याला नंतर कळलं.

५

एप्रिलमध्ये सगळ्यांचंच गवत संपत आलं. एके दिवशी दहाच्या सुमाराला डीना हातगाडी ओढत आली.

"आमचं तळाला लागलंय. आठवड्यापुरतं दे. कुरण हिरवं झालं की भागेल."

"मी आणून टाकतो ना," हार्मेन घाईनं म्हणाला. "तू कशाला?"

"का? मला हात नाहीत?" तिनं काटा उचलला आणि सरळ गवताला भिडली.

हार्मेन तिच्या शेजारी उभा राहून गवत ओढू लागला. पेटी कुठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. डीनाच्या काट्यापासून ती दोन हातांवर होती. हे तिच्या नजरेला पडलं तर काय, या विचारानं तो तिच्या आणि पेटीच्या मध्ये सरकला.

"मीच पाठवलं होतं त्याला तुझ्याकडे," डीना मध्येच म्हणाली. "सप्टेंबरात. म्हटलं, जा, हार्मेनकाकांना विचार. परत आला तर हसत होता. म्हणाला, आई, काकांचा जीव तुटत होता गं, पण जागाच मोडून टाकलीय, ते तरी काय करणार. दुसऱ्या दिवसापासून कपडे भरायला लागला." तिनं काटा टेकला. "लोक मला विचारतात, हार्मेननं त्याला ठेवून का नाही घेतलं, एवढा शूर ना तो? मी त्यांची तोंडं बंद करते. असती जागा तर ठेवला असता त्यानं, म्हणते. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही हं, हार्मेन."

बोलायची वेळ हीच होती, आणि ती हार्मेननं हातची घालवली. गवताचा एक भारा उचलून गाडीत टाकला, मग दुसरा.

डीना गेली नाही. ती गोठ्यात इकडेतिकडे बघत उभी राहिली.

"छान ऊब आहे तुझ्याकडे," ती म्हणाली. "इथून निघावंसं वाटत नाही. त्याची घोडी काय करते माहितेय? रोज चार वाजता कुरणाच्या कडेला येते आणि तुझ्या गोठ्याकडे तोंड करून उभी राहते. आमच्या दाराकडे पाठ. ल्यूबर्ट ओढून नेतो तेव्हा कुठे हलते."

"तुझ्याकडचं गवत संपलंय. वास येत असेल तिला इथला," हार्मेन म्हणाला.

"असेल," डीना म्हणाली आणि गाडी ओढत निघून गेली.

६

दहा दिवसांनी पेटीचा कोपरा उघडा पडला.

त्या शनिवारी फेन्ना चर्च झाडायला गेली होती. हार्मेननं पहार घेतली. फळ्या काढायच्या, सरपणात टाकायच्या, नळी चुन्यानं बुजवायची. तासाभराचं काम. मग कुणीही येवो, ल्यूबर्ट येवो की डीना, गवतामागे नुसती भिंतच दिसेल. त्यानं पहारीचं टोक दोन फळ्यांच्या फटीत बसवलं.

आत खिटी पडली.

लाकडावर लाकूड पडल्याचा तो आवाज त्यानं अकरा महिने रोज ऐकला होता. तो दुसऱ्या कशाचाही असणं शक्य नव्हतं, आणि तरी हार्मेननं उंदरांचा विचार केला. मग त्याला वाटलं, उंदीर खिटी लावत नाहीत.

त्यानं कान फळीला लावला. आत शांत होतं. पण रिकाम्या जागेची शांतता वेगळी आणि कुणी श्वास धरून पडल्यावरची वेगळी, हे ज्यानं एकदा ऐकलंय त्याला सांगावं लागत नाही. संगिनी गवतात जात होत्या तेव्हा त्यानं हीच शांतता ऐकली होती. तेव्हा तो बाहेर, सैनिकांच्या मागे, हात जोडून उभा होता. आता पहार त्याच्या हातात होती. आतलं माणूस त्याला घाबरून निपचित पडलं होतं.

पहार त्यानं हळूच खाली ठेवली, आवाज होऊ न देता. तीन टोले द्यावे म्हणून त्यानं एक बूट काढला. हात उचलला, पण फळीवर आपटेना. तीन टोले म्हणजे धोका नाही. हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? एक बूट हातात धरून तो तिथेच विटांवर बसला आणि रडला. पोराच्या मरणाची खबर दोन महिन्यांपूर्वी आली होती, आणि हार्मेन आज पहिल्यांदा रडत होता.

मग तो उठला, काळा कोट घातला आणि ओढा ओलांडून गेला.

डीना बटाटे सोलत होती. ल्यूबर्ट शेतावर होता.

"पुन्हा तो कोट?" ती म्हणाली. "मी सांगितलंय ना तुला?"

"मी सांगायला आलो नाही. म्हणजे आलोय, पण दुसरं." हार्मेनला खुर्चीवर बसवेना. बसला, तर नीट बसता येईना. "डीना, ती जागा मोडली नव्हती. तेव्हाही होती, आजही आहे. त्यानं मागितली आणि मी नाही म्हटलं."

डीनानं हातातला बटाटा पूर्ण सोलला. साल एकसंध निघाली. ती तिनं टेबलावर ठेवली.

"त्याला माहीत होतं? की आहे म्हणून?"

"हो."

"म्हणजे तुझी अब्रू राखायला माझ्याशी खोटं बोलला तो. आईशी. आणि मी वाडीभर तुझे गोडवे गात फिरले."

"डीना..."

"खुर्चीवरून ऊठ, हार्मेन."

तो उठला. त्याला वाटलं, आता ती दार दाखवील. ती चुलीशी गेली आणि ताकाचं भांडं विस्तवावर ठेवलं. जवाची पिशवी काढली.

"काय करतेस?"

"कधीपासून आहे तो तिथे?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

हार्मेननं हे तिला सांगितलं नव्हतं. वाफ, सळई, खिटी, यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून गेलं नव्हतं.

"मार्चपासून," तो म्हणाला.

"आणि कुणी खायला घातलं नाही," डीना म्हणाली, आणि ढवळू लागली.

७

गोठ्यात ती पुढे, तो मागे. पेजेचं भांडं फडक्यात धरलेलं. पेटीपाशी पोचल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं, उजवा बूट काढला आणि फळीवर तीन टोले दिले. अगदी सरावाच्या हातानं. त्या काळात ती कधी इथे आली नव्हती. पोरानं शिकवलं असेल.

गायींनी रवंथ थांबवलं.

आतून एक टोला आला. हळू, बोटाच्या पेरानं द्यावा तसा.

"मी आहे रे," डीना म्हणाली. मग हार्मेनकडे वळून, साध्या आवाजात, "तू बाहेर हो. तुझ्यासमोर नाही उघडायचा तो."

हार्मेन गोठ्याच्या दारापर्यंत गेला. तिथे त्यानं मागे वळून पाहिलं. बघायला नको होतं, पण पाहिलं. भर दुपार होती, दारातून उजेड सरळ आत पडला होता. डीना गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात मांडीवर. पेटीचं दार वीतभर उघडं, आणि पेजेचं भांडं विटांवरून घासत आत चाललं होतं. भांड्याच्या काठाला एक बाही होती. जाड्या हिरवट कापडाची, कोपरापाशी भोक पडलेली, तांबड्या मातीनं कडक झालेली. तिच्या पुढे काय होतं ते दिसण्याआधी हार्मेननं तोंड फिरवलं. डीनाचा एप्रन हिरवा आहे, असं त्याला नंतर आठवलं. किंवा आठवावंसं वाटलं. तिचे हात मांडीवर होते, हे मात्र विसरता येईना.

तो बाहेर उन्हात उभा राहिला. आतून डीनाचा आवाज येत होता. थोडं बोलायची, थांबायची, मग "हो, हो" म्हणायची, एकदा तर चक्क रागावली. दुसरा आवाज ऐकू आला नाही.

ती बाहेर आली तेव्हा केसांत गवताच्या काड्या होत्या आणि भांडं रिकामं होतं, चाटून पुसून.

"काकवी कमी पडली म्हणे," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, पण एका तासात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. "तुझ्या खिशात त्याचं पत्र आहे. ते मला दाखवायचं नाही. जाळून टाक, म्हणाला."

रूलोफ बोलला असणार. रूलोफच्या पोटात काही राहत नाही. हार्मेननं हा विचार घट्ट धरून ठेवला. पण पत्र कोटाच्या खिशात आहे, हे फेन्नालासुद्धा माहीत नव्हतं.

"तो जाणार नाही का, डीना?"

"कुठे जाईल? इथे बरं आहे म्हणतो. शोधायला येतील म्हणून घाबरतोय."

"कोण येतील?"

भांडं काखेत धरून डीना ओढ्याकडे निघाली आणि मध्येच थांबली.

"आता सांग सगळ्यांना," ती म्हणाली. "मेला म्हणून सांग. म्हणजे कुणी शोधणार नाही."

मग हार्मेननं दोन महिन्यांपूर्वीचं काम केलं. आधी कुरणात गेला. घोडी त्याच्या गोठ्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "वेसेल गेला." घोडीनं कान हलवला, पण तोंड फिरवलं नाही. माश्यांच्या चारही टोपल्यांवर त्यानं घराची किल्ली वाजवली आणि तेच सांगितलं. आतली गुणगुण थोडी खाली गेली आणि पुन्हा वर आली. मग नऊ घरं, कुठेही न बसता. "अरे, आम्हाला माहितेय हार्मेन," लोक म्हणाले, "फेब्रुवारीपासून माहितेय." "माहीत असलं तरी सांगायचं असतं," तो म्हणाला आणि पुढचं दार गाठलं. संध्याकाळी त्यानं चुलीत पत्र टाकलं. फेन्नानं काय जाळतोस म्हणून विचारलं, तर त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

जूनमध्ये नवं गवत आलं. या वर्षी ते छान वाळलं होतं. हार्मेननं ते स्वतः रचलं, पेटीचं दार मोकळं ठेवून, आणि त्या कोपऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. पंचांच्या खुर्चीचा त्यानं राजीनामा दिला. डीना रोज दुपारी भांडं घेऊन येते आणि रिकामं घेऊन जाते. तिचे तीन टोले पडतात, आतून एक येतो. मग हार्मेन उठून बाहेर जातो.

ती गेली की तो परत येतो. दूध काढायला बसण्याआधी बूट काढतो आणि फळीवर तीन टोले देतो.

"वेसेल," तो म्हणतो, "जागा आहे रे. राहा हवं तितकं."

गायी रवंथ थांबवतात. गवत हाताला गरम लागतं. तो कान फळीला लावून थांबतो, आणि आत कुणी तरी श्वास धरून, तो जायची वाट बघत पडून राहतं.